सेतुराम शिंप्याचा तोंडबाजा

कुंभकोणात विठोबाच्या मठाला लागून शिंप्यांची एक गल्ली होती. त्या गल्लीतला प्रत्येक जण आपल्या घराण्याबद्दल एकच गोष्ट सांगे: तंजावरच्या राजांनी आपल्या खापरपणजोबांना अंगरखे शिवायला देशावरून मुद्दाम बोलावून आणलं. सगळ्यांचं खरं मानायचं, तर राजांना दिवसभर कपडे बदलण्यावाचून दुसरा उद्योगच नव्हता असं म्हणावं लागेल. पुढे राजे गेले, इंग्रज सरकारचा अंमल बसला, अंगरख्यांची जागा कोट-जाकिटांनी घेतली. शिंपी मात्र तिथेच राहिले. घरात मराठी, उंबऱ्याबाहेर तमिळ, आणि एकादशीला मठात भजन, असं त्यांचं चाललं होतं. सेतुराम या गल्लीतला.

शिवण त्याची चांगली होती, पण त्या गल्लीत चांगली शिवण सगळ्यांचीच. गाव त्याला ओळखे ते दोन गोष्टींवरून, एक त्याचा डावा पाय आणि दुसरा त्याचा तोंडाने वाजवायचा बाजा. पायाचं आधी सांगायला हवं, कारण बाजा आला तो पायामुळे.

हत्तीपाय हा कुंभकोणचा जुना रोग. गावाचं नाव काढलं की परगावचे लोक आधी विड्याच्या पानांची चौकशी करत आणि मग पायांची. सेतुरामाला पंधराव्या वर्षी पहिला ताप कुडकुडून आला आणि पाय सुजला. ताप उतरला, सूज पुरती उतरली नाही. त्यानंतर दर अमावास्या-पौर्णिमेच्या सुमाराला ताप येई आणि जाताना पायावर थोडी भर घालून जाई. ते वर्ष एकोणीसशे नऊ, महामखमाचं. हे पर्व बारा वर्षांनी येतं, तळ्यात बुडी मारायला गावोगावचं माणूस लोटतं. घरचे सगळे पाण्यात उतरणार आणि तापलेला मुलगा काठावर बसून राहणार, तो कुरकुरू नये म्हणून आईने त्याला जत्रेतून जर्मनीचा एक पत्र्याचा बाजा घेऊन दिला. दहा भोकांचा, मुठीत मावणारा. आठवड्यात मोडेल, असा तिचा अंदाज होता. तिचे अंदाज सहसा चुकत नसत. हा चुकला.

या बाजात फुंकलं की एक सूर निघतो आणि श्वास आत ओढला की दुसरा. आतल्या पात्या कायमच्या ठोकलेल्या, सूर जिथे आहे तिथेच. कुंभकोणात संगीत म्हणजे गमक, सुराला दिलेला हेलकावा. सरळ उभा सूर म्हणजे मीठ विसरलेला भात. त्यामुळे गावातले जाणते अशा बाजाला पोरांचं खेळणं समजत, आणि त्यांचं फारसं चुकत नव्हतं. एका तापात सेतुराम बाजा ओठांत धरून पडला होता. दात वाजत होते, घसा आवळला होता. त्याने श्वास ओढला आणि सूर खाली वाकला, वाकून परत जागेवर आला. त्याला वाटलं, मोडला बाजा. पुन्हा ओढला तर सूर सरळ. तापात जे आपोआप झालं, ते बिनतापाचं करायला त्याला तीन वर्षं लागली. जमलं तेव्हा त्याच्या लक्षात आलं की वाकतात ते ओढलेले सूर. फुंकलेले जवळजवळ सगळे हट्टी.

हे कौतुकाचं होतं, पण ते कळायला कान लागतो. गावाला जे कळलं ते वेगळंच. घराच्या मागच्या पडवीत पडल्यापडल्या त्याला सकाळची गाडी ऐकू येई, मायावरमहून तंजावरला जाणारी. ती त्याने बाजात उतरवली. आडुतुरैला सुटताना इंजिनाचे धापा टाकत घेतलेले पहिले चार श्वास, मग वेग, पूल आला की चाकांचा बदललेला आवाज, कुंभकोणची शिट्टी, आणि पापनाशमच्या अलीकडे हळूहळू विझत गेलेली गाडी. लग्नात, बारशाला, देवाच्या रथोत्सवाला लोक त्याला बोलावून नेत आणि म्हणत, "सेतुराम, वंडी सोड." तो गाडी सोडी. म्हातारी माणसं रूळ ओलांडायला घाबरल्यासारखी पाय मागे घेत. त्याला सुपारी-पान मिळे, धोतरजोडी मिळे. एकवीस सालच्या महामखमात तर त्याच्याभोवती एवढी गर्दी झाली, की पोलिसाने त्याला उठवून दुसरीकडे बसवलं आणि स्वतः पुढच्या रांगेत उभा राहिला.

मधल्या काळात त्याचं लग्न झालं. बायको गोदा, पापनाशमची, बोलण्यात कात्रीसारखी. पायाने चालवायचं मशीन त्याला झेपत नसे, म्हणून तो हाताने फिरवायचं मशीन चालवी आणि गोदा काजं-बटणं करी. मूल झालं नाही. लोक पायाकडे बोट दाखवून हसत, तर गोदा म्हणे, "हसतील त्यांचे दात दिसतील." सेतुराम स्वतः कधी चिडलेला कोणाला आठवत नाही. त्याला एकच गोष्ट हवी होती आणि ती गाडी नव्हती.

मठात एकादशीला भजनाची ओळ बसे. मध्ये गोपालकृष्णबावा, मठाचे मुख्य, हातात टाळ. त्यांच्या उजवीकडे मृदंगवाला, मग गाणारे. गल्लीतला ज्याला म्हणून गळा होता तो त्या ओळीत बसे. सेतुरामाला गळा नव्हता. त्याचा आवाज चिरका, अगदी तेल न घातलेल्या मशीनासारखा. पण बाजात त्याला प्रत्येक अभंग येत होता, आणि शेवटचा चरण ओढलेल्या सुरावर वाकवून सोडला की त्याच्या स्वतःच्या अंगावर काटा येई. देवासमोर ओळीत बसून हे एकदा वाजवायचं, एवढंच त्याचं मागणं. सत्तावीस साली त्याने धीर केला आणि बावांना विचारलं.

"बावा, मज ओळींत बसूं द्या. बाजा वाजवितों."

"तें तोंडांत धरायचं ना?" बावा म्हणाले.

"नागस्वरही तोंडांत धरतात. कुंभेश्वरापुढें रोज वाजतं."

बावा हट्टी होते, पण उडवून लावणारे नव्हते. त्यांनी विचार केला. "नागस्वरवाला फुंकतो. आंतली हवा बाहेर गेली ती गेली. तूं ओढतोस. तोंडांतून गेलेलं पुन्हां तोंडांत घेतोस. एच्चिल नाही काय तें?"

एच्चिल हा शब्द तमिळ, पण तंजावरच्या मराठीत तो घरचाच झालेला. आपलं उष्टं ते अन्नाचं. एच्चिल त्याहून पुढे जातं, थुंकीचा थेंब लागला तरी एच्चिल. तिकडे म्हणूनच पाणीसुद्धा ओठ न लावता लोटा वर धरून पितात.

"देवाचा अंगरखा शिवतांना दोरा तोंडांत धरतोस काय?" बावांनी विचारलं.

"नाही. वाटींत पाणी ठेवितों, त्यांत भिजवितों."

"कोणीं सांगिटलं?"

"बापानें."

"मग मी तुज निराळं काय सांगतों?"

सेतुराम घरी आला. त्याच्या धंद्यानेच त्याचं तोंड बंद केलं होतं. त्यातही दुखणं असं, की फुंकलेल्या सुरांनी कदाचित भागलं असतं, पण जे सूर वाकत, ज्यांच्यासाठी सगळा जीव, तेच नेमके ओढलेले. म्हणजे सगळ्यांत गोड तेच सगळ्यांत एच्चिल. बावांचा त्याला राग आला नाही. त्यांचं त्याला पटलं होतं, आणि पटलं म्हणून अधिक वाईट वाटलं.

त्या एकादशीपासून तो मठाच्या बाहेरच्या ओट्यावर बसू लागला. ओटा म्हणजे रस्ता, रस्त्यावर एच्चिल कसलं. आत भजन चाले आणि बाहेर हा भिंतीला पाठ लावून, पाय लांब करून, हलक्या श्वासाने साथ करी. बावांना ऐकू येत होतं. त्यांनी ते चालू दिलं. अशी नऊ वर्षं गेली.

त्या नऊ वर्षांत एकदा त्याचं नाव होता होता राहिलं. चोळमंडल टॉकिंग मशीन नावाच्या एका कंपनीचा माणूस, गुरुमूर्ति, रेकॉर्डी भरायला गावात आला आणि एका छत्रात, म्हणजे धर्मशाळेत, भिंतींना गाद्या टांगून बसला. सेतुरामाला त्याने दोनदा वाजवायला लावलं. पहिल्यांदा सेतुरामाने अभंग वाजवला. गुरुमूर्ति सभ्य माणूस, पूर्ण ऐकून घेतलं आणि म्हणाला, "पोरांच्या बाजावर भजन कोण घेईल? गाडी सोड." सेतुरामाने गाडी सोडली, तीन मिनिटांत पापनाशमला पोचवली. रेकॉर्ड निघाली. तिच्यावर छापलं होतं, "रेल्वे गाडी, विनोदी." नाव नव्हतं. विचारल्यावर गुरुमूर्ति म्हणाला, इंजिनाला नाव कशाला लागतं. मागच्या बाजूला कोणा बाईचं हसणं होतं, नुसतं हसणं. घरात ग्रामोफोन नसल्याने सेतुरामाने आपली रेकॉर्ड ऐकली ती कॉफी क्लबच्या दारात उभं राहून. आत कोणी तरी म्हणालं, "खरीच वंडी ठेवली असणार छत्रात." नाव नाही याचं त्याला दोन दिवस वाईट वाटलं. मठातल्या ओळीचं दर एकादशीला वाटे.

छत्तीस सालच्या माघात साताऱ्याकडचे एक कीर्तनकार, राधाकृष्णबुवा, रामेश्वराला जाता जाता सात दिवस मठात उतरले. देशावरचा माणूस म्हणजे गल्लीला देव आल्यासारखं. ज्या मुलखाचं नाव घराघरात रोज निघे आणि जो कोणीच पाहिला नव्हता, तिथली खरी मराठी ऐकायला बायका भाजी टाकून आल्या. बुवा पहिल्याच दिवशी म्हणाले, "तुमची मराठी ऐकून पणजोबा उठून बोलतायत असं वाटतं." गल्लीने ती स्तुती समजून दोन दिवस मिरवली. तिसऱ्या दिवशी काहींना शंका आली.

बुवा मोठे आनंदी. मठाचा स्वयंपाकी सुंदर अय्यर याच्याकडून त्यांनी सकाळीच तीन तमिळ शब्द शिकून घेतले, तण्णी म्हणजे पाणी, मोर म्हणजे ताक, पोदुम् म्हणजे पुरे. मग त्यांनी ते दिसेल त्याच्यावर चालवायला सुरुवात केली. जटक्याला जुंपलेल्या घोड्याला पोदुम्, हार घालणाऱ्याला पोदुम्. लोक खूश. पाहुणा आपली तमिळ बोलतो ही बातमी दुपारपर्यंत तिरुभुवनमच्या विणकरांपर्यंत गेली असेल.

पहिल्या संध्याकाळी कीर्तन लागलं. मधल्या अभंगाला सगळी ओळ उठली, बाहेर ओट्यावर सेतुरामाने साथ धरली. शेवटच्या चरणाला बावांचा दम अपुरा पडला. त्यांचं वय सत्तरीचं. ते थांबले तिथून बाहेरच्या बाजाने चरण उचलला, सूर ओढून खाली नेला, हेलकावला आणि अलगद आणून ठेवला. बुवांचे डोळे मिटले. त्यांनी दाराकडे मान वळवली, हात पुढे केला आणि म्हणाले, "वा. वा."

इथे एक समजून घ्यायला हवं. कुंभकोणात गाण्याला दाद द्यायची तर लोक "भेष" म्हणत. बाप म्हणे, आजा म्हणे, तमिळ लोकही तेच म्हणत. "वा" हा शब्द मात्र तिथे सकाळपासून संध्याकाळपर्यंत एकाच अर्थाने कानावर पडे. तमिळमध्ये वा म्हणजे ये. आणि बुवा सकाळपासून तमिळ बोलत होते.

सेतुरामाने ऐकलं ते एवढंच, की दाराकडे तोंड करून, हात पुढे करून, देशावरचे बुवा त्याला ये, ये म्हणताहेत. तो उठला. हत्तीपाय उचलून मठाचा उंबरा ओलांडायचा हे काही घाईचं काम नाही. चौकट धरायची, उजवा पाय आत टाकायचा, मग डावा दोन्ही हातांनी उचलून घ्यायचा. ज्याला थांबवायचं होतं त्याला हवा तेवढा वेळ होता. कोणी थांबवलं नाही, कारण सगळ्यांनीच तेच ऐकलं होतं. बुवांनी त्याला येताना पाहिलं, बाजा पाहिला आणि आनंदाने पुन्हा म्हणाले, "वा." मृदंगवाला सरकला. सेतुराम ओळीत बसला.

दुसऱ्या दिवशी सकाळी बावांनी खात्री करून घेतली. ते नियमाचे माणूस, पण पाहुण्याचा शब्द मोडणारे नव्हेत. त्यांनी बुवांना कावेरीच्या घाटावर गाठलं.

"काल आपण वा म्हणालांत ना?"

"म्हणालो ना," बुवा म्हणाले. "आज पुन्हा म्हणेन. काय हात आहे हो त्या माणसाचा."

बावा परत फिरले. पाहुण्याने बोलावलं, पाहुणा पुन्हा बोलावणार, विषय संपला. सहा संध्याकाळी सेतुराम देवासमोर ओळीत बसून वाजवत राहिला. गल्लीचा सूर तेवढ्यात बदलला. तळ्यावर बायका गोदाला धुण्याच्या दगडावर जागा करून देऊ लागल्या. सेतुराम शिवताना गुणगुणू लागला, त्या चिरक्या आवाजात, आणि गोदाने त्याला गप्प केलं नाही. तो सुखात होता. बेचाळीस वर्षांच्या आयुष्यात त्याला पहिल्यांदा कोणी तरी गाडीखेरीज दुसऱ्या कशासाठी बोलावलं होतं.

सातव्या दिवशी दुपारी तो मठाच्या आतल्या अंगणात फाटलेला मांडवाचा पडदा सांधत बसला होता. समोरच्या पडवीत बुवा आणि बावा दोघंच जेवत होते. सुंदर अय्यरने त्या दिवशी रसवांगी केली होती, चिंचेच्या कोळातली वांगी, आणि त्यात त्याचा हात कोणी धरू शकत नसे. बुवांनी घास घेतला, डोळे मिटले, हात पुढे केला आणि म्हणाले, "वा. वा."

सुंदर अय्यर पातेलं घेऊन धावत आला आणि पळीभर वाढायला वाकला.

"अहो नको, नको," बुवा पानावर आडवा हात धरून म्हणाले. "पोदुम्. पोट फुटेल. वा म्हटलं म्हणजे बोलावलं नाही तुम्हाला. आमच्याकडे छान झालं की वा म्हणतात."

बावांनी ते तमिळमध्ये सांगितलं. अय्यर हसला, बुवा हसले. बावांनी सांगून संपवलं आणि त्यांचा हात पानावरच राहिला. त्यांनी अंगणाकडे पाहिलं. सेतुरामाची सुई पडद्यात अडकलेली होती आणि तो पडद्याकडेच बघत होता. बुवांनी ताक मागितलं.

घरी येऊन त्याने गोदाला सगळं सांगितलं. गोदा काजं करत होती. तिने शेवटचा टाका घालून दोरा तोडला.

"बुवांस ठाऊक आहे काय, चूक झाली म्हणून?"

"नाही."

"बावा कांही बोलले?"

"नाही."

"मग तुम्हीं कां बोलतां? झांकली मूठ सव्वा लाखाची. आज शेवटचा दिवस. बसा, वाजवा, या."

"निमंत्रण चुकून आपल्या दारीं आलं, तर जेवून यायचं काय?"

"सहा दिवस जेवलांतच की."

"ठाऊक नव्हतं तोंवर जेवलों," सेतुराम म्हणाला. "आतां घास उतरेल काय?"

गोदाने दुसरं जाकीट उचललं. तिला राग आला होता, तो त्याच्यावर नव्हता. तळ्यावरच्या दगडाचं तिच्याही मनात होतंच. थोड्या वेळाने ती म्हणाली, "जें मनास येईल तें करा. मी आज मठांत येत नाही." आणि खरोखरच गेली नाही.

संध्याकाळी दिवे लागले. सेतुराम मठावर गेला आणि ओट्यावर, आपल्या जुन्या जागी, भिंतीला पाठ लावून बसला. बाजा त्याने कमरेलाच ठेवला. त्याच्या मनाची ओढाताण चालली होती, पण निदान एवढं स्पष्ट होतं की त्याला कोणीही बोलावलेलं नव्हतं. बुवांना सूर आवडला होता. सूर आवडणं वेगळं आणि माणसाला आत घेणं वेगळं, हे गाडी सोडून सोडून त्याला पुरतं कळलं होतं. येणारे-जाणारे त्याला बघून थबकत. तो मान हलवून त्यांना आत जा म्हणे.

आत कीर्तन सुरू झालं. मृदंगवाल्याच्या शेजारी एका माणसाची जागा रिकामी होती. मधल्या अभंगाला ओळ उठली, शेवटचा चरण आला आणि बावांचा दम नेहमीच्या ठिकाणी संपला. सहा दिवस तिथून बाजा उचलत असे. आता कोणीच उचललं नाही. चरण अर्ध्यात पडला. मृदंगाचे दोन ठोके एकटेच वाजले आणि तेही थांबले.

"ते वाजवणारे कुठं आहेत?" बुवांनी विचारलं.

बावांनी टाळ खाली ठेवला. गुडघ्यावर हात रोवून ते उठले आणि सावकाश दारापर्यंत आले. ओळीतले लोक माना वळवून बघत राहिले. गेल्या तीस वर्षांत भजन अर्धं टाकून बावा उठलेले कोणी पाहिले नव्हते. ते उंबऱ्याच्या आतल्या बाजूला उभे राहिले. सेतुराम ओट्यावरून उठायला गेला, पण पाय लवकर आवरेना, म्हणून बसूनच त्याने हात जोडले.

"आंत कां नाहीस?" बावा म्हणाले.

"मज कोणीं बोलाविलेलं नव्हतं, बावा. दुपारीं ऐकलों."

"मीही ऐकलों."

"सहा दिवस एच्चिल झालं. माझी चूक. जें प्रायश्चित्त सांगाल तें घेतों."

बावांना तरी कुठे सोपं होतं. माणूस सत्तराव्या वर्षी आपली समजूत बदलत नाही, आणि त्यांची बदललीही नव्हती.

"एच्चिल तें एच्चिलच," ते म्हणाले. "आजही मी तेंच म्हणतों. उद्यां कोणीं विचारलं तर उत्तर मजपाशीं नाही. पण तूं नसलास तर चरण पुरा होत नाही, हेंही मी आज ऐकलों."

त्यांनी हात पुढे केला. मागे सगळा मठ ऐकत होता, तमिळ लोक होते, देशावरचे बुवा होते. बावांनी शब्द निवडला. ज्याला तिथे एकच अर्थ होता असा, घरातला, मराठी शब्द.

"ये," ते म्हणाले.

सेतुरामाने चौकट धरली. उजवा पाय आत टाकला. डावा उचलायला तो वाकला, तर बावांनी खाली बसून तो पाय आपल्या हातांनी उंबऱ्याच्या आत घेतला. मग दोघं ओळीपर्यंत गेले. मृदंगवाला सरकला. बुवांनी अभंग पुन्हा पहिल्यापासून धरला, आणि शेवटच्या चरणाला बावा थांबून सेतुरामाकडे बघू लागले. सेतुरामाने बाजा ओठांना लावला होता. पण त्याला रडू येत होतं, आणि रडताना श्वास आत ओढून धरता येत नाही. सूर काही निघाला नाही. सगळी ओळ त्याच्यासाठी थांबून राहिली.